जाकिटाला खऱ्या फरची झालर लावावी का : एका पशुवैद्याचे उत्तर

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत शालेय गणवेश शिवणाऱ्या एका उद्योजकांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तरेकडील एका निवासी शाळेच्या हिवाळी जाकिटांचे काम त्यांच्याकडे आले असून जाकिटाच्या टोपीला कडेने फरची झालर लावायची आहे. व्यापाऱ्याने तीन नमुने पाठवले आहेत. त्यांतील एक कृत्रिम, एक सशाचा आणि एक ‘रकून’ या नावाचा असून तिन्हींच्या दरात फारसे अंतर नाही. त्यांची महाविद्यालयात शिकणारी मुलगी म्हणते की ही फर जिवंत जनावर सोलून काढतात. व्यापाऱ्याचे म्हणणे असे की हा सगळा कांगावा आहे आणि फार्मवर जनावरे पोटच्या पोरासारखी सांभाळतात. स्वतः त्या उद्योजकांची शंका मात्र वेगळी आहे : आपण घोंगडी पांघरतो, चामड्याच्या वहाणा घालतो, मग फरलाच निराळा न्याय का लावायचा?

मी या जिल्ह्यात तीस वर्षे जनावरांवर उपचार केले. माझा व्यवसाय जनावरांचा आहे, कापडाचा नाही, त्यामुळे तिन्ही मुद्द्यांचे उत्तर मी जनावराच्या बाजूने देणार आहे.

आधी मुलीचे म्हणणे. जिवंत सोलण्याचा आरोप प्रामुख्याने २००५ मध्ये बाहेर आलेल्या, चीनच्या हबेई प्रांतातील एका चित्रफितीवरून होतो. ती मुद्दाम घडवून आणलेली आहे असे फर व्यवसायाचे म्हणणे आहे आणि हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते आपण सगळा युक्तिवाद त्या एका चित्रफितीवर उभा करू नये. शुद्धीवर असलेले जनावर चावते, हिसके देते, त्यात कातडे फाटते आणि सोलणाऱ्याचा हातही, त्यामुळे कोणीही रोजच्या कामात अशी पद्धत हौसेने स्वीकारणार नाही. मात्र कत्तलखान्यात काम केलेल्या कोणत्याही पशुवैद्याला हेही ठाऊक असते की डोक्यावरचा फटका नीट बसला नाही तर जनावर बेशुद्धीतून परत येते. जिथे दांडक्याच्या एका तडाख्यावर भागवले जाते आणि कामाची घाई असते, तिथे सुरीखाली शुद्धीवर येणारे जनावर ही अपवादाने का होईना, घडणारी गोष्ट आहे. परंतु क्रौर्य एवढेच असते तर ते सुधारता आले असते. चांगली यंत्रे आणून आणि माणसे शिकवून हा धंदा निर्मळ झाला असता. खरी अडचण मरणाच्या त्या मिनिटाच्या फार आधी सुरू होते.

जगातील बहुतेक फर आज जंगलातून येत नाही, फार्मवरच्या पिंजऱ्यांतून येते. मिंक (मुंगसासारखा लांबट, मांसाहारी प्राणी), कोल्ह्याच्या कुळातील दोन जाती, चिंचिला (दक्षिण अमेरिकेतला उंदराच्या गटातला प्राणी) आणि ज्याला व्यापारी ‘रकून’ म्हणतो तो प्राणी ही त्यांतील मुख्य नावे आहेत. हा ‘रकून’ म्हणजे बहुतेक वेळा अमेरिकेतील खरा रकून नसतो. पूर्व आशियातला, चेहऱ्यावर काळा पट्टा असलेला, कुत्र्याच्या कुळातला तो एक लहान प्राणी आहे. व्यापारात सोयीचे नाव रूढ झाले, इतकेच. जाता जाता एक गोष्ट सांगतो : सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर फिरणाऱ्या माणसाला कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळे, हे सांगावे लागत नाही. फरच्या बाजारात जो ‘फॉक्स’ विकला जातो तो खोकडाचा भाऊबंद आहे, आपल्या उसात हिंडणाऱ्या कोल्ह्याचा नाही. तरी रूढ बोलण्याप्रमाणे पुढे मी त्याला कोल्हाच म्हणतो.

पिंजरा केवढा असतो हे सेंटिमीटरमध्ये सांगून कळत नाही, म्हणून सोलापूरचेच माप घेऊ. आंघोळीचा तीस बाय साठ इंची टेरी टॉवेल घ्या आणि त्याची दोनदा घडी घाला. युरोप परिषदेने १९९९ मध्ये प्रौढ मिंकसाठी जे किमान क्षेत्र सुचवले ते २,५५० चौरस सेंटिमीटर आहे. तुमच्या हातातली टॉवेलची घडी त्याहून किंचित मोठीच भरेल. तोच टॉवेल पूर्ण उलगडून अंथरलात तर त्याच्यापेक्षा लहान जागेत, म्हणजे ०.८ चौरस मीटरमध्ये, एक प्रौढ कोल्हा ठेवणे त्या शिफारशीत बसते. तळ तारेच्या जाळीचा असतो, कारण विष्ठा खाली पडली पाहिजे आणि केसांना चिकटता कामा नये. ज्या प्राण्याचा पंजा माती उकरण्यासाठी घडला आहे तो जन्मापासून मरेपर्यंत तारेवर उभा राहतो. ध्रुवीय कोल्ह्याच्या एका मादीच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला होता. ती २०१८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्डहून निघून बर्फावरून चालत ७६ दिवसांत ३,५०६ किलोमीटर तोडून कॅनडात पोहोचली. फार्मवर ‘ब्लू फॉक्स’ म्हणून पाळतात ती हीच जात आहे.

मिंक पाणमांजराच्या कुळातला आहे. तो नदीकाठी राहतो, बुडी मारून मासे आणि बेडूक पकडतो. फार्मवर त्याला पिण्यापुरते पाणी नळीतून मिळते. ज्याने पोहणे कधी पाहिलेच नाही त्याला त्याची उणीव कशी भासेल, असा फार्मवाल्यांचा युक्तिवाद असे, आणि तो वरवर पटण्यासारखा आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तो तपासून पाहिला आणि निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. पिंजऱ्यातच वाढलेल्या मिंकांना त्यांनी सात वेगवेगळ्या खोल्या दिल्या : एकीत पोहण्याचे कुंड, एकीत जादा घरटे, एकीत खेळणी, एकीत उंच फळी, अशा. प्रत्येक दारावर वजन लावून ते हळूहळू वाढवत नेले. प्राण्यांनी सर्वांत जड दार ढकलले ते कुंडासाठी. नंतर कुंडाची वाट बंद केली तेव्हा त्यांच्या लघवीतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, जवळपास अन्न तोडल्यावर वाढावे तसे वाढले. एखाद्या जनावराला काय हवे आहे हे त्याला विचारण्याचा इतका सरळ प्रयोग मी फार थोडा पाहिला आहे.

न मिळालेल्या गोष्टीचे पुढे काय होते, हे मी फरच्या नव्हे, कुत्र्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. बार्शी रस्त्यावरील एका गोदामात राखणीचा कुत्रा जेमतेम दीड मीटर साखळीला बांधलेला असे. खुंटीभोवती मातीत एक गोल पडला होता, इतका घट्ट की पावसाचे पाणी त्यात साचून राही. खरजेच्या उपचारासाठी मला बोलावले तेव्हा मी मालकांना साखळी सोडायला लावली. त्यांनी ती सोडली. कुत्रा मोकळा झाला आणि तरी त्याच गोलावरून चालत राहिला. त्याच ठिकाणी मान वळवायची, त्याच ठिकाणी एक पाय उचलायचा. गोल सोडून दारापर्यंत यायला त्याला तीन आठवडे लागले. आमच्या शास्त्रात याला साचेबद्ध हालचाल म्हणतात. मिंकच्या पिंजऱ्यांच्या रांगांत हीच गोष्ट शेकडोंनी दिसते : जाळीवर पुढे-मागे धावणे, डोके गरगर फिरवणे, स्वतःची शेपटी कुरतडणे. युरोपीय महासंघाच्या वैज्ञानिक समितीने २००१ च्या अहवालात याची नोंद घेतली होती. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये पुन्हा तपासणी केली आणि आजच्या पिंजरा पद्धतीत यांतील बहुतेक त्रास टाळता किंवा पुरेसा कमी करता येत नाहीत, असे मत दिले.

आता व्यापाऱ्याच्या म्हणण्याकडे वळतो, कारण त्यात एक अर्धसत्य आहे. फार्मवर जनावरांची काळजी घेतात हे खरे आहे. खाणे वेळेवर मिळते, लसी टोचल्या जातात, केस कसा येतो यावर रोज नजर असते. मात्र ही सगळी काळजी कातड्याची आहे. मिंकची पिल्ले एप्रिलअखेर ते मे महिन्यात जन्मतात, थंडीचा दाट केस नोव्हेंबरात भरतो आणि तो भरला की प्राणी मारतात. म्हणजे बहुतेकांचे आयुष्य सहा-सात महिन्यांचे असते. मारण्याची पद्धतही कातडेच ठरवते. सुरी चालवली तर डाग पडतो, गोळी घातली तर भोक पडते, म्हणून मिंकला पेटीत घालून वायू सोडतात आणि कोल्ह्याच्या तोंडात व गुदद्वारात विजेची टोके लावून प्रवाह सोडतात. कार्बन डायऑक्साइड हा बहुतेक सस्तन प्राण्यांना गुदमरवणारा, त्यांना असह्य होणारा वायू आहे. त्यात मिंक हा श्वास रोखून बुडी मारणारा प्राणी, त्यामुळे हे मरण त्याच्या बाबतीत लांबते. मी आयुष्यात अनेक जनावरांना दयामरण दिले आहे. ती पद्धत निवडताना मागे काय शिल्लक राहील याचा विचार मला कधी करावा लागला नाही, आणि माझ्या लेखी सगळा फरक तिथेच आहे.

‘पण हे प्राणी आता पाळीव झाले आहेत’ असेही तुम्हाला सांगण्यात येईल. त्याला उत्तर रशियात मिळाले आहे. नोवोसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये फर फार्मवरचेच रुपेरी कोल्हे घेऊन एक प्रयोग सुरू केला. दर पिढीत केवळ सर्वांत सौम्य स्वभावाचे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास करायची, एवढाच नियम होता. काही पिढ्यांत ते कोल्हे शेपटी हलवत माणसाच्या मागे येऊ लागले. म्हणजे फार्मवर कित्येक दशके काढूनही जे झाले नव्हते ते होण्यासाठी स्वभावाची मुद्दाम निवड करावी लागली. गंमत अशी की माणसाळलेल्या त्या कोल्ह्यांच्या अंगावर पांढरे ठिपकेही दिसू लागले. फार्मवाला मात्र निवड करतो ती केसाच्या दाटपणाची आणि कातड्याच्या आकाराची. फिनलंडमधील काही फार्मवरची छायाचित्रे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ध्रुवीय कोल्हे इतके फुगवलेले होते की कातडीच्या घड्या डोळ्यांवर लोंबत होत्या आणि पायांना शरीराचा भार पेलवत नव्हता. रानात तीन-चार किलोंचा असणारा हा प्राणी तिथे एकोणीस किलोंच्या वर गेलेला होता. जितके कातडे जास्त तितका पैसा जास्त, हा हिशेब त्याच्या सांध्यांवर लिहिलेला दिसतो.

रोगराईचा मुद्दा मी थोडक्यात उरकतो, जरी पशुवैद्य म्हणून मला तो सर्वांत जास्त बोचतो. हजारो एकट्या राहणाऱ्या मांसाहारी प्राण्यांना खेटून ठेवले की विषाणूला आयती पेठ मिळते. करोना माणसाकडून मिंकला आणि मिंककडून परत माणसाला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कने देशातील सगळे, म्हणजे दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा हुकूम काढला. त्याला कायद्याचा पूर्ण आधार नव्हता हे उघड झाल्यावर कृषिमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि घाईने पुरलेली प्रेते वायूने फुगून मातीतून वर आली. नेदरलँड्सने याच काळात मिंकपालनावरील आपली बंदी ठरलेल्या वेळेच्या अलीकडे ओढली. ब्रिटनने इंग्लंड आणि वेल्सपुरता फर फार्म बंद करणारा कायदा २००० मध्येच केला होता. नॉर्वेची बंदी २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाली.

आता घोंगडीचा प्रश्न, जो मला या साऱ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटला.

मंगळवेढ्याच्या बाजूला धनगरांच्या वाड्यावर कातरणीच्या वेळी मी अनेकदा गेलो आहे. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. कातरणारा तिचे पाय एकत्र धरून तिला कुशीवर निजवतो, मान आपल्या मांडीवर घेतो आणि पोटाकडून पाठीकडे कातर चालवत जातो. कुठेतरी कातरीचे टोक लागते, रक्ताचा थेंब येतो, तिथे तेलात कालवलेली हळद लागते. मेंढी घाबरते, हे नाकारण्यात अर्थ नाही, तिची छाती भात्यासारखी चालत असते. पाच-दहा मिनिटांनी पाय सोडले की ती उठते, अंग झाडते आणि कोकराला हाक मारते. कोकरू येते आणि क्षणभर थबकते, कारण आवाज आईचा पण रूप दुसरेच! मग ते कासेखाली शिरते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. त्याची घोंगडी सर्वांत मऊ आणि महाग, आणि ते जावळ दिल्यावरही कोकरू कळपात चालतच असते. आज या भरड लोकरीला भाव इतका पडला आहे की कित्येक वाड्यांवर ती उकिरड्यावर टाकतात. तरीही मेंढका कातरणी चुकवत नाही, कारण कातरले नाही तर उन्हाळ्यात मेंढीचे हाल होतात.

याच्या शेजारी कराकुल मेंढीचे कोकरू ठेवून पाहा. अफगाणिस्तानचे माजी अध्यक्ष हमीद करझाई यांच्या डोक्यावर जी टोपी दिसे, जिला आपल्याकडे कोणी जिना टोपीही म्हणतात, ती या कोकराच्या कातड्याची असते. जन्मल्यावर एक ते तीन दिवसांत ते मारावे लागते, कारण त्यानंतर केसांची वळी उलगडू लागतात. दोन्ही ठिकाणी मेंढी, दोन्ही ठिकाणी कोकरू आणि दोन्ही ठिकाणी त्याचा पहिला केस. फरक हा की जावळ कोकराच्या अंगावरून उतरते आणि कराकुलच्या बाबतीत कोकरूच संपते.

मात्र यावरून आपण स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. धनगराचे मेंढरू शेवटी खाटकाकडेच जाते आणि ट्रकमध्ये ते कसे कोंबलेले असते हे मी सोलापूर-हैदराबाद महामार्गावर रात्री-अपरात्री पाहिले आहे. चामडे हे मांसाच्या धंद्याचे उपउत्पादन आहे, त्यामुळे वहाण न घेतल्याने म्हैस वाचत नाही, हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खरा असला तरी तो वाहतुकीतले आणि कत्तलीतले हाल झाकत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, म्हणजे एका चहा-नाश्त्याहून कमी. आणि परदेशी मिंकसाठी हळहळताना घरातल्या चित्रकलेच्या पेटीकडेही एकदा पाहावे. मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्याकडे वर्षानुवर्षे विकले गेले. मुंगूस वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. हे ब्रश बनवणाऱ्यांवर वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने २०१९ मध्ये देशभर मोहीम काढली होती. मुंगूस कोणी कातरत नाही, त्याला मारूनच केस घेतात. भारताचा स्वतःचा फर उद्योग कुठला असे विचाराल तर मी त्या ब्रशाकडे बोट दाखवीन.

सशाच्या नमुन्याबद्दल व्यापारी सांगेल की ते मांसाचे उपउत्पादन आहे. मांसासाठी पाळलेला ससा साधारण दहा-बारा आठवड्यांत मारतात आणि त्या वयात त्याचा केस पुरता पिकलेला नसतो. चांगल्या फरसाठी ससा त्याहून जास्त काळ, आणि बहुधा एकट्याने, जाळीवर ठेवावा लागतो. त्यामुळे हे उत्तर ऐकून लगेच समाधान मानू नये.

राहिले तीन नमुने. पाकिटावर काय लिहिले आहे त्यावर विसंबू नका. चिनी फार्मवरची खरी फर कित्येकदा कृत्रिम फरहून स्वस्त पडते आणि ‘कृत्रिम’ या नावाखाली खपवली जाते. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये अशी प्रकरणे उघडकीस आली आहेत. तुमच्या नमुन्यांतही दर सारखे आहेत, हाच पहिला इशारा समजा. केस बोटांनी दुभागून मुळाशी पाहा. विणलेले कापड दिसले तर फर कृत्रिम, कातडे दिसले तर खरी. केसाचे टोक भिंगातून पाहा. खऱ्या केसाचे टोक निमुळते होत जाते, कृत्रिम धाग्याचे बहुधा कापल्यासारखे सपाट असते. शेवटची कसोटी तुम्हाला शिकवायला नकोच, चादरीत सूत किती आणि ॲक्रिलिक किती हे पाहायला आपल्याकडे दोरा काडीला लावून जाळतातच. दोन-चार केस चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास येऊन राख चुरगळली तर ते जनावराचे, वितळून कडक मणी झाला तर ते ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर.

कायद्याची बाजू अशी आहे की मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या कातड्यांची आयात भारत सरकारने जानेवारी २०१७ मध्ये बंद केली. ‘रकून’ असे मोघम नाव असलेल्या मालाची आयातीची कागदपत्रे आणि प्राण्याचे शास्त्रीय नाव लेखी मागा. ते मिळाल्याशिवाय एक मीटरही कारखान्यात आणू नका. कोणी ‘देशी कोल्हा’ म्हणून काही दाखवले तर तो माल हातातही घेऊ नका आणि वन विभागाला कळवा, कारण तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा मामला होतो. पुढेमागे निर्यातीचा विचार असेल तर इस्रायलने २०२१ मध्ये फॅशनसाठीच्या फरची विक्री बंद केली आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून नवी फर विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

माझा सल्ला असा की कृत्रिम झालर घ्या, पण तीही विचार करून. ती खनिज तेलापासून होते आणि प्रत्येक धुण्यात तिचे बारीक तंतू पाण्यात जातात, म्हणून ती बटणांवर लावा, म्हणजे जाकीट धुताना काढून ठेवता येईल. शाळेने मान्य केले तर झालरीऐवजी टोपीच्या आत जाड फ्लीसचे अस्तर द्या. झालरीचा खरा उपयोग ध्रुवीय वाऱ्यात, श्वासाचा बर्फ चेहऱ्यावर जमू नये यासाठी असतो, वसतिगृह ते वर्ग एवढ्या चालण्यात मुलांना कान झाकले जाण्याशी मतलब. दख्खनी लोकरीची झालर मात्र चुकूनही लावू नका. मला ती लोकर कितीही प्रिय असली तरी ती गालाला टोचते आणि मुले दुसऱ्याच दिवशी कात्री घेऊन बसतील.

व्यापाऱ्याच्या बिलावर ‘कृत्रिम पाइल’ (म्हणजे केसाळ विणलेले कापड) आणि धाग्याचे नाव स्पष्ट लिहून घ्या, आणि प्रत्येक गठ्ठा आला की त्यातला एक तुकडा दुभागून पाहायचे काम मुलीकडे सोपवा.